दोन काउंटर, एकच साठा: अनेकांनी एकदम वापरायचा डेटाबेस कसा बांधावा

मृगाचा पाऊस पडला की तालुक्याच्या गावातल्या कृषी सेवा केंद्रात पाय ठेवायला जागा नसते. दोन्ही काउंटरवर बिलं फाटत असतात, गोदामातून बॅगा येत असतात आणि दिवाणजी कोपऱ्यात बसून उधारीच्या नोंदी करत असतात. अशाच एका दुकानासाठी मी पहिल्यांदा बिलिंगचं सॉफ्टवेअर लिहिलं. उन्हाळाभर ते बिनतक्रार चाललं. जून उजाडला आणि साठा चुकायला लागला. स्क्रीनवर सोयाबीनच्या ८ बॅगा दिसत होत्या, गोदामात ३ होत्या. गोदाम सांभाळणाऱ्या माणसावर दोन दिवस चोरीचा संशय राहिला. त्याचा काही दोष नव्हता. चूक माझ्या कोडात होती, आणि ती सापडेपर्यंतचे ते दोन दिवस मी विसरलेलो नाही. म्हणूनच नव्याने या कामात येणाऱ्यांसाठी हे सविस्तर लिहितो आहे.

झालं होतं ते असं. एका लॉटच्या १२ बॅगा शिल्लक होत्या. पहिल्या काउंटरच्या प्रोग्रामने शिल्लक वाचली, १२. त्याच क्षणी दुसऱ्यानेही वाचली, १२. पहिल्याने ५ विकल्या आणि ७ असा आकडा लिहिला. दुसऱ्याने ४ विकल्या आणि १२ वजा ४ म्हणजे ८ असा आकडा लिहिला. पहिल्याची विक्री पुसली गेली. एरर नाही, इशारा नाही, काही नाही. उन्हाळ्यात दुसरा काउंटर बंद असायचा, म्हणून तोवर हे कधी दिसलंच नाही.

या घोटाळ्याला ‘लॉस्ट अपडेट’ म्हणतात. अनेकांनी वापरायच्या डेटाबेसचं डिझाइन करताना प्रत्येक ओळीपाशी एकच प्रश्न विचारायचा असतो: मी वाचलं आणि मी लिहिलं, या मधल्या वेळात दुसऱ्याने काय केलं असेल?

पायरी १: आधी दुकानात बसा

संगणक उघडण्याआधी अर्धा दिवस दुकानात बसा आणि कागदावर लिहा: कोण कोण आहे, कोण काय बघतं, कोण काय बदलतं. मग एकाच वेळी दोघांचा हात पडेल अशा जागांवर लाल पेनाने खूण करा. कृषी सेवा केंद्रात अशा जागा मोजून तीन निघतात: लॉटची शिल्लक, शेतकऱ्याचं उधारीखातं आणि बिल नंबर. शेतकऱ्याचा पत्ता, कंपन्यांची नावं, जीएसटीचे दर यांवर सहसा भांडण होत नाही. सगळ्याच टेबलांवर सारखी मेहनत घेण्यात अर्थ नाही. जीव या तीन जागांवर लावायचा.

पायरी २: डेटा एकाच जागी ठेवा

बरीच दुकानं अजूनही एका संगणकावरची फाइल नेटवर्कवर शेअर करतात आणि तीच तिघे उघडतात. मायक्रोसॉफ्ट ॲक्सेसची फाइल अशी चालते खरी. कागदोपत्री तिची मर्यादा २५५ वापरकर्ते आणि २ जीबी आहे. पण लिहिता लिहिता वायफाय तुटलं तर फाइल बिघडू शकते. एसक्यूलाइट हा फार चांगला डेटाबेस आहे, पण तो एका वेळी एकालाच लिहू देतो आणि नेटवर्कवरच्या शेअर फोल्डरमध्ये त्याच्या लॉकवर, म्हणजे एक लिहीत असताना दुसऱ्याला थांबवणाऱ्या कडीवर, भरवसा ठेवता येत नाही.

म्हणून पोस्टग्रेस किंवा मायएसक्यूएल घ्या. दोन्ही फुकट मिळतात. दुकानातल्या एका संगणकावर सर्व्हर चालवा आणि बाकीच्यांनी त्याच्याशी बोलावं. फाइलला कोणी थेट हात लावायचा नाही. मायएसक्यूएल घेतलंत तर टेबलं इनोडीबी प्रकारचीच आहेत याची खात्री करा. जुन्या मायआयसॅम प्रकारात ट्रान्झॅक्शनच (सगळी कामं एकत्र व्हावीत किंवा एकही होऊ नये अशी गाठ) नसतं आणि पुढचं बरंचसं निरुपयोगी ठरतं.

पायरी ३: टेबलं खतावणीसारखी मांडा

जुने दिवाणजी खतावणीत कधी खाडाखोड करत नसत. चूक झाली तर उलटी नोंद घालून ती दुरुस्त करायची, मूळ नोंद तशीच राहायची. डेटाबेसलाही हीच शिस्त लावा. साठ्यासाठी दोन टेबलं करा. पहिलं ‘साठा_नोंदी’: त्यात प्रत्येक आवक, जावक, परत आलेला माल, फुटलेली बॅग ही नवी ओळ म्हणून येते. तारीख, वेळ, लॉट, नग, कारण आणि नोंद करणारा, एवढे कॉलम पुरतात. या टेबलात ओळ बदलायची नाही आणि काढायची नाही. दुसरं ‘लॉट_शिल्लक’: प्रत्येक लॉटला एक ओळ, त्यात आत्ताची शिल्लक. काउंटरवर झटकन आकडा हवा असतो म्हणून हे दुसरं टेबल. दोन्हींत फरक पडला तर पहिलं खरं मानायचं.

नव्या नोंदी घालण्याचा एक मोठा फायदा आहे. दोघांनी एकाच वेळी दोन नव्या ओळी घातल्या तर कोणीच कोणाला पुसत नाही. भांडण जुनी ओळ बदलताना होतं, त्यामुळे बदलायच्या ओळी जितक्या कमी तितकं बरं.

मग नियम. शिल्लक शून्याखाली जाणार नाही, हा नियम स्क्रीनवर तपासून भागत नाही. टेबलावर चेक कन्स्ट्रेंट, म्हणजे डेटाबेसने स्वतः पाळायची अट, लावा. एकाच कंपनीचा तोच लॉट नंबर दोनदा येऊ नये म्हणून त्या दोन कॉलमांवर मिळून युनिक कन्स्ट्रेंट लावा. बिलाच्या ओळीतला लॉट अस्तित्वात असलाच पाहिजे, त्यासाठी फॉरेन की. स्क्रीनवरची तपासणी वापरणाऱ्याच्या सोयीसाठी ठेवा, पण खरा पहारा टेबलावरच हवा, कारण दोन्ही काउंटरचं एकाच वेळी दिसतं ते फक्त डेटाबेसला. रकमेचे कॉलम डेसिमल किंवा न्यूमेरिक ठेवा. फ्लोटमध्ये (दशांश अंदाजे साठवणाऱ्या प्रकारात) पैसे ठेवले की पैशापैशाचा फरक साठत जातो आणि मार्चअखेर हिशेब जुळत नाही.

पायरी ४: वजाबाकी डेटाबेसला करू द्या

माझी सोयाबीनच्या बॅगांची चूक एका ओळीने सुटली. शिल्लक वाचून, प्रोग्राममध्ये वजा करून, उत्तर परत लिहिण्याऐवजी थेट हे पाठवायचं:

अपडेट लॉट_शिल्लक सेट नग = नग - ५ व्हेअर लॉट_आयडी = १७ अँड नग >= ५;

इथे ७ किंवा ८ असा आयता आकडा कुठेच नाही. डेटाबेस ती ओळ लॉक करतो, त्या क्षणाची शिल्लक बघतो, पुरेशी असेल तर वजा करतो. दुसरा काउंटर त्याच वेळी आला तर तो पहिल्याचं कमिट होईपर्यंत, म्हणजे त्याचा बदल पक्का होईपर्यंत, थांबतो आणि मग नव्या शिलकीवर, म्हणजे ७ वर, आपली वजाबाकी करतो. शेवटी ३ उरतात. गोदामातही ३ असतात.

यातला अर्धा भाग नवे लोक हमखास विसरतात: किती ओळी बदलल्या ते बघणं. डेटाबेस हा आकडा परत देतो. तो १ आला तर विक्री झाली. ० आला तर माल पुरेसा नव्हता आणि काहीच बदललं नाही. ० आला तरी बिल छापणारा प्रोग्राम मी पाहिला आहे. शेतकऱ्याच्या हातात बिल आणि गोदामात बॅग नाही, अशी वेळ पेरणीच्या तोंडावर कोणावर आणू नये.

पायरी ५: बिल म्हणजे एक ट्रान्झॅक्शन

एक बिल झालं म्हणजे चार कामं होतात: बिलाचं डोकं, बिलाच्या ओळी, साठ्याची नोंद व शिल्लक, आणि उधारी असेल तर खात्यावरची नोंद. ही चारही व्हावीत किंवा एकही होऊ नये. बिगिनने सुरू करा, सगळं लिहा, कमिटने संपवा, मध्ये काही बिनसलं तर रोलबॅक. या कल्पनेला भक्कम पाया घालणाऱ्यांत जिम ग्रे यांचं नाव पहिलं घेतात. १९९८ चं ट्युरिंग पारितोषिक त्यांना डेटाबेस आणि ट्रान्झॅक्शनवरच्या कामासाठी मिळालं.

ट्रान्झॅक्शन छोटं ठेवा. किती छोटं? माणूस विचार करत असताना ते उघडं राहता कामा नये. बिलाची स्क्रीन उघडली की बिगिन, आणि ‘सेव्ह’ दाबलं की कमिट, ही रचना दिसायला सरळ वाटते. पण काउंटरवरच्या माणसाने अर्धं बिल करून ठेवलं आणि तो चहाला गेला, तर त्याने धरलेले लॉट तोवर अडकून पडतात. दुसऱ्या काउंटरची स्क्रीन गोठते. इनोडीबी मूळ सेटिंगप्रमाणे ५० सेकंद वाट बघून एरर देतो. पोस्टग्रेस तर आपण मर्यादा घातली नाही तर थांबूनच राहतो. म्हणून माणूस टाइप करत असताना सगळं स्क्रीनपुरतंच ठेवा. ‘सेव्ह’ दाबल्यावर मग बिगिन, चार-पाच क्वेऱ्या (डेटाबेसला पाठवायची वाक्यं), कमिट. हे सगळं सेकंदाच्या आत व्हायला हवं. छपाईही कमिटनंतर. प्रिंटरमध्ये कागद अडकला म्हणून दुकानाचा साठा अडकायला नको.

पायरी ६: लॉक, दोन तऱ्हांचे

शेतकऱ्याचा मोबाइल नंबर बदलायची स्क्रीन घ्या. ती पाच मिनिटं उघडी राहू शकते. इथे लॉक धरून बसू नका. ओळीत ‘आवृत्ती’ नावाचा एक आकडा ठेवा. स्क्रीन उघडली तेव्हा तो ६ होता, तर सेव्ह करताना ‘व्हेअर आयडी = ४०२ अँड आवृत्ती = ६’ अशी अट घाला आणि सोबत आवृत्ती एकने वाढवा. शून्य ओळी बदलल्या तर समजायचं की मध्ये कोणीतरी हात लावला आहे. तेव्हा ‘ही नोंद मघाशी दुसऱ्या काउंटरवरून बदलली आहे’ असं स्वच्छ मराठीत सांगा, नवी नोंद दाखवा आणि माणसाने टाइप केलेलं जपून ठेवा. त्याची पाच मिनिटांची मेहनत पुसून टाकणारी स्क्रीन तो पुन्हा मनापासून वापरत नाही.

उधारीची मर्यादा हे जरा अवघड प्रकरण आहे, म्हणून नीट बघू. एका खात्याची मर्यादा ५०,००० आणि थकबाकी ४२,००० आहे. वडील एका काउंटरवर ६,००० चं खत घेतायत, मुलगा दुसऱ्या काउंटरवर ६,००० चं बियाणं, आणि दोघांचं खातं एकच. दोन्ही प्रोग्राम थकबाकीची बेरीज करतात, ४२,००० मध्ये ६,००० मिळवून ४८,००० होतात, ठीक म्हणतात आणि आपापली नवी नोंद घालतात. थकबाकी ५४,००० होते. इथे जुनी ओळ कोणीच बदलली नाही, त्यामुळे ओळीवरचं लॉक आडवं आलंच नाही. नव्या ओळी घातल्या की भांडण टळतं असं वर म्हणालो, त्याची ही दुसरी बाजू. बेरजेवर नियम असेल तर नुसत्या नव्या ओळी घालून भागत नाही.

उपाय सोपा आहे. ट्रान्झॅक्शनची सुरुवातच खात्याची ओळ ‘सिलेक्ट … फॉर अपडेट’ने धरून करा. मग बेरीज करा, मर्यादा तपासा, नोंद घाला, कमिट करा. मुलाच्या काउंटरला वडिलांचं बिल होईपर्यंत क्षणभर थांबावं लागतं आणि मग त्याला खरी थकबाकी, ४८,०००, दिसते. हे लॉक ट्रान्झॅक्शनमधलं पहिलंच वाक्य ठेवा. आधी बेरीज आणि मग लॉक असा क्रम केलात तर बेरीज शिळी असू शकते.

आता डेडलॉक. पहिल्या बिलात आधी युरिया मग डीएपी, दुसऱ्यात आधी डीएपी मग युरिया. पहिल्याने युरिया धरला, दुसऱ्याने डीएपी, आणि दोघंही एकमेकांच्या मालासाठी अडून बसले. डेटाबेस हे ओळखतो आणि एकाचं ट्रान्झॅक्शन रद्द करतो. इनोडीबी सहसा लगेच ओळखतो, पोस्टग्रेस मूळ सेटिंगप्रमाणे एक सेकंद थांबून तपासतो. टाळायचं कसं? साठा वजा करताना बिलाच्या ओळी लॉट_आयडीच्या चढत्या क्रमाने घ्या, स्क्रीनवर त्या कशाही असोत. सगळे एकाच क्रमाने धरायला लागले की ही कोंडी जवळजवळ संपते. उरलीसुरली आली तर संपूर्ण ट्रान्झॅक्शन पहिल्यापासून पुन्हा चालवा, दोन-तीनदा. फक्त अडलेली क्वेरी पुन्हा पाठवून चालत नाही.

पायरी ७: आयसोलेशन, कामापुरतं

आयसोलेशन म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या ट्रान्झॅक्शनना एकमेकांचे बदल किती दिसावेत ती पातळी. पोस्टग्रेस मूळ सेटिंगमध्ये ‘रीड कमिटेड’वर चालतो (प्रत्येक क्वेरीला तोवर कमिट झालेलं दिसतं), इनोडीबी ‘रिपीटेबल रीड’वर (ट्रान्झॅक्शनभर एकच चित्र दिसतं). रिपीटेबल रीड दोन्हींत आहे, पण नाव सारखं म्हणून वागणं सारखं, असं समजू नका. आधी वाचून, प्रोग्राममध्ये वजा करून, आयता आकडा लिहिण्याची जुनी चूक तुम्ही पोस्टग्रेसच्या रिपीटेबल रीडमध्ये केलीत, तर दुसऱ्या ट्रान्झॅक्शनला एरर येतो आणि ते पुन्हा चालवावं लागतं. इनोडीबीच्या रिपीटेबल रीडमध्ये तीच चूक गुपचूप खपून जाते. तिथे साधा सिलेक्ट जुनं चित्र दाखवतो आणि अपडेट मात्र ताज्या ओळीवर होतो. त्यामुळे पायरी ४ आणि ६ दोन्हीकडे लागतातच.

रात्रीच्या रिपोर्टसाठी मात्र रिपीटेबल रीड फार उपयोगी. विक्रीची बेरीज, गल्ला आणि उधारी या तीन क्वेऱ्या एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये चालवल्या की एकाच क्षणाचं चित्र दाखवतात. नाहीतर मध्येच एक बिल घुसतं आणि दिवाणजी तासभर फरक शोधत बसतात.

पायरी ८: बिल नंबर

इथे कायदा आणि डेटाबेस यांची गाठ पडते. सीजीएसटी नियम, २०१७ मधला नियम ४६ सांगतो की बिलाचा नंबर ओळीने हवा, १६ अक्षरांपेक्षा मोठा नको आणि एका आर्थिक वर्षात पुन्हा येऊ नये. नवा माणूस इथे ऑटो इन्क्रिमेंट (डेटाबेसने आपोआप द्यायचा पुढचा आकडा) लावून मोकळा होतो. पण सीक्वेन्स किंवा ऑटो इन्क्रिमेंटचा आकडा रोलबॅकने परत येत नाही. बिल अडलं की १०४ नंतर एकदम १०६ येतो, आणि १०५ कुठे गेला हे सीएला समजावत बसावं लागतं.

ओळींच्या आतल्या ओळखीसाठी ऑटो इन्क्रिमेंट खुशाल वापरा. छापील नंबरासाठी वेगळं छोटं टेबल करा: मालिका, वर्ष, शेवटचा नंबर. त्यात एकने भर घालणारा अपडेट त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये, पण अगदी शेवटी, कमिटच्या तोंडावर. बिल रद्द झालं तर नंबरही मागे जातो. याची किंमत म्हणजे सगळी बिलं या एका ओळीपाशी रांग लावतात. पण नियम ४६ एकाहून अधिक मालिकांना मुभा देतो. म्हणून पहिल्या काउंटरची ‘क’ मालिका, दुसऱ्याची ‘ख’. रांग जिथल्या तिथे मोडते. मला स्वतःला हा तोडगा सगळ्यांत आवडतो, कारण तो वापरणाऱ्याच्याही लगेच लक्षात येतो.

पायरी ९: एकच बिल दोनदा

‘सेव्ह’ दाबलं, नेटवर्क अडखळलं, काही दिसेना, म्हणून पुन्हा दाबलं. पहिलं बिल मुळात झालेलं होतं, फक्त उत्तर परत पोचलं नव्हतं. आता शेतकऱ्याच्या खात्यावर दोन बिलं. नवी बिलाची स्क्रीन उघडतानाच प्रोग्रामने एक यूयूआयडी (सहसा पुन्हा न येणारी लांबलचक खूण) तयार करावा, तो बिलाच्या टेबलात युनिक कॉलममध्ये जावा. पुन्हा पाठवलेलं बिल त्या कॉलमवर अडकतं आणि प्रोग्राम आधीचंच बिल दाखवतो. बटण करडं करणं ही नुसती वरवरची मलमपट्टी आहे.

पायरी १०: प्रत्येकाचं वेगळं नाव

तिघे एकाच ‘ॲडमिन’ने आत जात असतील तर नोंदीतला ‘कोणी केलं’ हा कॉलम रिकामाच समजा. प्रत्येकाला आपलं लॉगिन द्या. प्रोग्राम ज्या नावाने डेटाबेसशी जोडला जातो त्याला ‘साठा_नोंदी’वर फक्त वाचायचा आणि घालायचा हक्क द्या, बदलायचा किंवा काढायचा नको. दुकान कंपनी म्हणून नोंदलेलं असेल तर १ एप्रिल २०२३ पासून हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये बंद करता न येणारा ऑडिट ट्रेल (कोणी, कधी, काय बदललं याची नोंद) असावाच लागतो. कंपनी नसली तरी ठेवा. गोदामातल्या त्या माणसावरचा संशय अशा नोंदींनी पाच मिनिटांत दूर झाला असता.

कनेक्शनबद्दल थोडंच. पोस्टग्रेसची मूळ मर्यादा १००, मायएसक्यूएलची १५१. दोन काउंटरला हे भरपूर, पण प्रत्येक क्लिकला नवं कनेक्शन उघडून बंद करायला विसरणारा प्रोग्राम दुपारपर्यंत तेही संपवतो. कनेक्शनचा पूल वापरा, म्हणजे उघडलेली थोडी कनेक्शनं आळीपाळीने वापरली जातात.

पायरी ११: दोन खिडक्या उघडून तपासा

एकट्याने बसून, एका खिडकीत क्लिक करून बहुवापराच्या चुका सापडत नाहीत. डेटाबेसच्या कमांड लाइनच्या दोन खिडक्या शेजारी शेजारी उघडा. लॉट १७ मध्ये १२ बॅगा शिल्लक ठेवा. डावीकडे बिगिन, त्या लॉटमधून ५ वजा, आणि कमिट न करता थांबा. उजवीकडे बिगिन, त्याच लॉटमधून ४ वजा. उजवी खिडकी थांबलेली दिसेल. डावीकडे कमिट करा, उजवी लगेच सुटेल, तिथेही कमिट करा आणि शिल्लक बघा. ती ३ हवी. मग हेच माझ्या जुन्या पद्धतीने, आयता आकडा लिहून करून बघा आणि ८ येताना डोळ्यांनी पाहा. उधारीचं वडील-मुलाचं प्रकरण आणि युरिया-डीएपीची कोंडीही अशीच हाताने घडवून बघा.

त्यानंतर छोटी स्क्रिप्ट लिहा: वीस सेशन (डेटाबेसशी एकाच वेळी वीस जोडण्या), प्रत्येक सेशन एकाच लॉटमधून शंभर वेळा एकेक नग विकण्याचा प्रयत्न करणारं, आणि लॉटमध्ये सुरुवातीला १,५०० नग. शेवटी शिल्लक बरोबर ०, यशस्वी विक्री बरोबर १,५०० आणि नकार ५०० आले पाहिजेत. एकानेही फरक पडला तर कोड दुकानात नेऊ नका.

दुकान बंद करताना रोज एक क्वेरी चालवा: प्रत्येक लॉटसाठी ‘साठा_नोंदी’ची बेरीज आणि ‘लॉट_शिल्लक’मधला आकडा. जिथे फरक तिथे लाल ओळ.

आणि वीज. आपल्याकडे पावसाळ्यात ती जातेच. पोस्टग्रेसमधलं एफसिंक (लिहिलेलं खरंच डिस्कवर उतरल्याची खात्री करणारी सेटिंग) वेग वाढवायच्या मोहाने कधी बंद करू नका. इनोडीबीचा लॉग प्रत्येक कमिटला डिस्कवर उतरवण्याची सेटिंग मूळची १ असते, तशीच राहू द्या. नवं सॉफ्टवेअर बसवलं की मी मालकाला शेजारी उभं करून वीस सेशनची ती स्क्रिप्ट चालू करतो आणि ती चालू असतानाच सर्व्हरची पिन खेचतो. पुन्हा सुरू झाल्यावर आम्ही दोघं मिळून रात्रीची ती क्वेरी चालवतो आणि लाल ओळ शोधतो.